चिपची नोट, पान सतरा

देवळीच्या एका सरकारी ऑफिसात मी सव्वीस वर्षं आस्थापनेच्या टेबलावर बसते. माणूस नोकरीला लागला, रजेवर गेला, निवृत्त झाला, वारला, प्रत्येकाची फाईल माझ्याकडे. त्यामुळे जानेवारीत माझा धाकटा भाऊ हार्ट अटॅकने गेला, तेव्हा माझे हात आपोआप त्याच कामाला लागले. मृत्यूचा दाखला, आधारची झेरॉक्स, वारसांचं प्रतिज्ञापत्र, गॅसचं कार्ड. बोरगाव मेघेच्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर मी एकेका कागदाच्या डाव्या कडेला मधोमध पंचिंग मशीन दाबलं, टॅग ओवला आणि लाल पेनने पानांना नंबर घातले. नातेवाईक म्हणाले, बाई भारी खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! मला काही वाटतच नव्हतं. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, तसं सगळं अंग झालं होतं.

सतरावं पान म्हणजे ती नोट.

भाऊ वर्ध्यातच, घरी बसून परदेशातल्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करायचा. जायच्या आधीच्या भाऊबीजेला त्याने ती माझ्या तबकात टाकली. शंभराच्या नोटेएवढी, निळसर, जरा जाड, कडेला छापलेलं फूल. मी म्हटलं, "हे काय, लहान पोरांच्या खेळातली नोट घालतोस मला?"

"ताई, याच्यात चिप हाय," तो म्हणाला. "बिटकॉइनची किल्ली हाय त्याच्यात. नोट ज्याच्या हातात, पैसे त्याचे."

त्याने मोबाईल नोटेला टेकवला आणि स्क्रीनवर आकडा आला. तीन लाखांच्या वर होता. मी आधी तबक खाली ठेवलं.

"बँक कोणती?"

"बँक नाई."

"नॉमिनी?"

"थेही नाई."

"मग हरवली तर?"

"हरवली तं गेली. म्हणून तं तुले देऊन राह्यलो. तुह्याकडून आजवर एक कागद हरवला काय? पोरगी दहावी झाली का तिले देजो."

भावजय शेजारीच बसून ऐकत होती. माझ्या मोबाईलमध्येही त्याने ती नोट वाचायचं ॲप टाकून दिलं. नॉमिनी नसलेला पैसा मला पटला नव्हता, पण मनातून मी फुगले होते, खोटं कशाला सांगू.

मार्चमधल्या एका दुपारी मला वाटलं, नोट बघावी. फाईल काढली, मोबाईल टेकवला. काही नाही. उलटी करून टेकवला, कव्हर काढून टेकवला. मग माझं लक्ष गेलं. फूल होतं तिथे आता स्वच्छ गोल भोक होतं, आणि त्यातून टॅग गेला होता. मी पंचिंग मशीनच्या खालचं झाकण उघडून वर्तमानपत्रावर झटकलं. कागदाच्या शेकडो टिकल्या पडल्या. सुईने एकेक बाजूला सारत बसले. तासाभराने निळी टिकली सापडली. तिच्यात तिळाएवढा काळा चौकोन होता, मधून तडकलेला.

इंटरनेटवर वाचलं. दुसरी प्रत नसते, दुरुस्ती नसते, तक्रार करायला खिडकी नसते. पैसे तिथेच राहतात म्हणे, फक्त कोणालाही काढता येत नाहीत.

मला वाटलं, आता तरी छातीत काही हलेल. हललं नाही. टिकल्या केरात टाकल्या, फाईल कपाटात ठेवली आणि कणीक भिजवायला घेतली.

भाची दर रविवारी माझ्याकडे गणितं सोडवायला यायची. भावजय तिला स्कूटीवर सोडून जायची, कधी डब्यातून भाजी द्यायची. तिला सांगायला हवं होतं. या रविवारी नको, पुढच्या रविवारी सांगू, असं करत मी ते दाबून ठेवलं. कागद दाबून ठेवायची सवय आम्हा टेबलावरच्या लोकांना असतेच.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी भावजय परत गेली नाही. भाची आतल्या खोलीत वह्या उघडून बसली, आणि ही माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"ताई, दहावीनंतरच्या नागपूरच्या क्लासले आतापासूनच नाव द्या लागते म्हणते. थे नोट काढता काय?"

मी फाईल आणली. पान सतरा उघडून तिच्यापुढे सरकवलं.

"हे भोक काऊन?"

"मीच पाडलं. फाईलला लावताना. चिप नेमकी तिथेच होती."

"मंग आता?"

"आता नुसता कागद आहे."

"कधी समजलं तुमाले?"

"मार्चमध्ये."

तिने त्या भोकावरून बोट फिरवलं. मी वाट बघत होते, आता ही ओरडेल, ओरडलीच पाहिजे. तिने मोठा श्वास सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली.

"मले वाटलं, तुमीनं खर्चून टाकली," ती म्हणाली. "उन्हाळ्यात घराले रंग देला ना तुमीनं, तवापासून वाटून राह्यलं होतं."

"आणि तरी पोरीला माझ्याकडे पाठवत होतीस?"

"तिची आत्या हाय ना तुमी."

तिच्या पोरीचे पैसे बुडाले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. मी चोर नाही, एवढ्यानेच तिला बरं वाटलं होतं. एका वाक्यात उतरलं असतं ते ओझं मी तिला सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा वाहू दिलं होतं. मला लाज वाटली. जानेवारीपासून पहिल्यांदाच काही वाटलं, आणि ते एवढं वाटलं की मी पदर तोंडाला लावला.

ती उठून जवळ आली, पाठीवर हात ठेवला. "रडा ताई," ती म्हणाली. "भावासाठी रडल्याच नाई तुमी अजून."

मी भावासाठी रडत नव्हते. तेही मी तिला सांगितलं नाही.