फैजपूरची लॉरी आज विकायची राहिली

मंडळी, आज सकाळी आमची लॉरी विकली जाणार होती. महायुद्ध संपल्यावर लष्करी लिलावात घेतलेली ही लॉरी फैजपूरहून भुसावळ स्टेशनवर केळी नेते. पण मागच्या हौद्याचा पत्रा गंजून इतका सडला, की परवा केळीचे दोन घड खालून रस्त्यावर पडले. दुरुस्त करत बसण्यापेक्षा विकून टाकू, असं मी ठरवलं.

चोपड्याहून एक नाना बघायला आले. त्यांना पिठाच्या गिरणीसाठी इंजिन हवं होतं. बराच वेळ कान लावून त्यांनी इंजिन ऐकलं आणि खुशीत म्हणाले, "गाडी सडी गयी, पन इंजिन एकदम चांगलं शे."

चहा घेऊन आलेली माझी बायको तिथेच थांबली. मला म्हणाली, "इंजिन चांगलं आहे ना? मग सडलंय तेवढं बदलू. त्याला सुतार पुरे."

नाना हसले. "वहिनी, मी बोलालेच नको व्हतं," म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

दुपारी सुतार माप घेऊन गेला. पत्र्याच्या जागी बाभळीच्या फळ्या बसतील.

संध्याकाळपासून फार हलकं वाटतंय. लॉरी मला मुळात विकायचीच नव्हती, हे मला आज कळलं. तुमचं कधी असं झालंय का?