एकोणीसच्या पुढची जागा

दोन हजार साल उजाडलं आणि स्तानिया मुदत संपलेली बाई झाली.

हे तिला शेजारच्या लेपोसावाने सांगितलं. मार्चच्या सुरुवातीला, मृतांच्या स्मरणाच्या शनिवारी दोघी कबरस्तानात गेल्या होत्या. स्तानियाने नवऱ्याच्या कबरीवर उकडलेले गहू ठेवले, राकिया दारूचा घोट मातीत ओतला, मेणबत्ती खोचली. लेपोसावा दगडाकडे बघत राहिली. काळा, घोटलेला, माणसाच्या छातीएवढा उंच दगड. डावीकडे मिलुतिनचं चित्र आणि त्याखाली १९३१–१९९६. उजवीकडे स्तानियाचं नाव, १९३४, मधली रेघ, आणि पुढे नुसतंच १९. त्यापुढे दोन आकड्यांपुरती गुळगुळीत जागा.

"काय गं, तुला उशीर झाला की," लेपोसावा म्हणाली. "आता मेलीस तरी बसायची नाहीस त्यात."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुकानदाराने विचारलं, पाव जुन्या शतकाच्या भावाने देऊ की नव्या? स्तानियाही हसली. गावातल्या निम्म्या लोकांचे दगड त्यांच्या हयातीतच उभे होते, पण रेघेपुढे सगळ्यांची जागा कोरी होती. एकोणीस कोरून घेण्याची हुशारी तिची एकटीची.

घरी आल्यावर मात्र ती हसली नाही. चुलीपुढे बसली आणि चूल पेटवायची विसरली.

तिला एकच गोष्ट आयुष्यात पक्की हवी होती. आपल्यामागे आपल्यासाठी कुणाला खिशात हात घालावा लागू नये. सासू गेली तेव्हा तिने पाहिलं होतं. आत खोलीत म्हातारी झाकून ठेवलेली, आणि अंगणात तिचे तीन मुलगे शवपेटीच्या लाकडावरून वाद घालत होते. ओक की पाइन. मिलुतिन त्यांतला एक होता. नंतर स्तानियाने मेल्यावर आपल्या अंगावर घालायचे कपडे शिवून कपाटाच्या तळाशी ठेवले. चादर ठेवली, मेणबत्त्या ठेवल्या. राहिला होता दगड.

दगड घेतला तेव्हा ती म्लावा नदीकाठच्या विटांच्या कारखान्यात होती. ओल्या विटा साच्यातून काढून फळीवर मांडायच्या, हे तिचं काम. ओली वीट जोरात धरली तर बोटं उमटतात, सैल धरली तर कोपरा बसतो. तिच्या फळीवर बोटं नसत आणि कोपरे शाबूत असत. मुकादम इतरांच्या फळ्या तपासायचा, तिच्या फळीशी थांबायचा नाही.

एकोणनव्वद साल होतं. पगार हातात पडला की त्याच दिवशी त्याचं काहीतरी करावं लागे. आठवड्याने नोट तीच असे, तिच्यात पाव कमी बसे. कुणी सिमेंट घेऊन ठेवी, कुणी साखरेची पोती, कुणी एका घरात तीन धुलाई यंत्रं. मिलुतिनला पॉवर टिलर हवा होता. स्तानिया म्हणाली, टिलर गंजतो. मिलुतिन म्हणाला, दगडाने नांगरता येत नाही. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मिलुतिनने टोपी घातली आणि विचारलं, दगड बघायला किती वाजता निघायचं.

पाथरवट द्रागिशा तेव्हा तरुण होता. अक्षरागणिक आणि आकड्यागणिक पैसे घ्यायचा. स्तानियाने दगडाची कड बोटाने चाचपली, मागची बाजू पाहिली, एक बारीक रेष दाखवून दुसरा दगड उभा करायला लावला. मग भाव करायला बसली. शेवटी द्रागिशा म्हणाला, याहून एक दिनार कमी करणार नाही. ती म्हणाली, नको करू. पण छिन्नी लागलेलीच आहे तर दोघांच्याही रेघेपुढे एकोणीस कोरून टाक. चार आकडे फुकट.

द्रागिशाने मान हलवली. त्यालाही बरंच होतं, पुढे चारच्या जागी दोन आकड्यांचं काम.

मिलुतिन लाकडाच्या ओंडक्यावर बसला होता. द्रागिशाने चित्र कोरण्यासाठी त्याचा फोटो घ्यायला कॅमेरा लावला होता. स्तानियाने चित्र काढून घ्यायला साफ नकार दिला होता, पैसे वाचत होते.

"अगं, आणि जगलो तर?" मिलुतिनने विचारलं.

"तुमच्यात आणि आमच्यात पासष्टीपुढे गेलंय कोण? पासष्ट धरले तरी माझे नव्व्याण्णवला भरतात."

"तरी पण. जगलो तर?"

"मग जगा. आकडे फुकटचे आहेत."

मिलुतिनने डावी भुवई वर केली, आणि द्रागिशाने तेवढ्यात फोटो काढला.

ते चित्र द्रागिशाने टोकदार हातोडीने टिंब टिंब ठोकून उतरवलं. भुवईसकट. मिलुतिन जिवंतपणी बरेचदा जाऊन बघायचा आणि म्हणायचा, हा माझ्यापेक्षा शहाणा दिसतो. शहाण्णवच्या वसंतात तो गेला. द्रागिशा पिशवीत छिन्नी घेऊन आला, पुढचे दोन आकडे कोरले, राकिया प्यायला आणि गेला. कुणाला खिशात हात घालावा लागला नाही. स्तानियाला दुःख होतं, पण काम चोख झाल्याचं समाधानही होतं.

आणि आता हे.

बर्फ वितळल्यावर ती द्रागिशाकडे गेली. त्याने दोन उपाय सांगितले. एक म्हणजे त्याच दगडाची पातळ पट्टी कापून आकड्यांवर चिकटवायची. स्तानियाने तशी पट्टी पाहिली होती, म्हाताऱ्या पोस्टमनच्या कबरीवर. पहिल्याच थंडीत ती निखळून गवतात पडली होती आणि मुलं तिने लगोरी खेळत होती. ती म्हणाली, ठिगळ नको. दुसरा उपाय म्हणजे दगड उचलून कारखान्यात न्यायचा, समोरची सगळी बाजू घासून उतरवायची, पुन्हा घोटायची, पुन्हा कोरायची.

"आणि मिलुतिन?"

"ते चित्र जाईल, काकू. पण फोटो द्या कुठलाही. आता मशीन आहे, तासाभरात नवीन काढतं."

तिने किंमत विचारली. न्हाणीघर बांधून होईल एवढी होती. ती बरं म्हणून घरी आली.

पेन्शन घर चालण्यापुरतंच होतं. मग अक्रोड. अंगणातली दोन झाडं आणि लेपोसावाची तीन, निम्म्या वाट्याने. फोडलेला अक्रोड सगळेच विकतात. पण अर्धा गर अखंड निघाला तर पेत्रोवात्सच्या बाजारातला व्यापारी जवळजवळ दुप्पट भाव देतो. त्यासाठी अक्रोड शिवणीवर उभा धरायचा, छोट्या हातोडीने टोकावर एकच टोला घालायचा, आणि कवच हाताने उकलायचं. दुसरा टोला घातला की चुरा. शरद ऋतू सुरू झाला की ती फोडायला बसायची आणि हिवाळाभर फोडायची. बोटं काळी व्हायची ती ईस्टरपर्यंत उजळायची नाहीत.

मुलगा नेबोयशा व्हिएन्नात टाइल्स बसवायचा. दर उन्हाळ्यात यायचा आणि कोठीच्या खोलीत न्हाणीघरासाठी मापं घ्यायचा. इथे गिझर, इथे नळ, इथे संडास. पैसे मी देतो म्हणायचा. स्तानिया म्हणायची, तुझे पैसे तुझ्याकडे ठेव. अंगण ओलांडून संडासला जाते, इतकी वर्षं झाली, अजून रस्ता चुकले नाही. तो माप घ्यायची पट्टी गुंडाळायचा आणि खिशात टाकायचा. एकदा जाताना त्याने टेबलावर पाकीट ठेवलं. तिने ते बसथांब्यापर्यंत धावत जाऊन परत दिलं.

अक्रोडांचे तीन हंगाम गेले, चौथा सुरू झाला. दोन हजार तीनच्या शरदात पैसे जमले. ती द्रागिशाकडे गेली. गुरुवारी क्रेनची गाडी आणतो, तो म्हणाला. स्तानियाने कधी आगाऊ रक्कम दिली नव्हती, काम बघून पैसे हा तिचा नेम. निघताना ती त्याच्या अंगणातल्या नव्या दगडांजवळ थांबली. मशीनने काढलेली चित्रं. बायका, पुरुष, एक मोटारसायकलवाला मुलगा. सगळी एकाच आईची लेकरं वाटत होती.

"मशीन डोळे जरा मोठे करतं," द्रागिशा म्हणाला. "गिऱ्हाइकांना आवडतं."

"त्यांची भुवई येईल का?"

द्रागिशाने हात अंगरख्याला पुसले. "भुवई येईल. तशी वर गेलेली नाही यायची. ती मी हाताने ठोकली होती, काकू. आता माझा हात थरथरतो."

स्तानिया तिथून थेट कबरस्तानात गेली. बादलीभर पाणी घेतलं आणि दगड धुतला. मिलुतिन भुवई वर करून बघत होता. इतकी वर्षं तो तिला तेच विचारत होता, आणि जगलो तर? तिने फडका पिळला. ज्या घासाघिशीमुळे आकडा चुकला, त्याच घासाघिशीच्या वेळचा त्याचा हा चेहरा. आकडा पुसायचा तर चेहराही पुसायचा. तिने दगडाच्या कडेवर हात ठेवला. काम चांगलं होतं. चांगलं काम आपल्या हाताने खरवडून काढायचं, हे तिला जमेना.

गुरुवारी गाडी आली नाही. तिने नको म्हणून कळवलं होतं. पैसे डब्यात राहिले, आणि एकोणीसही दगडावर राहिलं.

जानेवारीत अंगणात बर्फाची गोठून काच झाली. सकाळी संडासच्या वाटेवर ती घसरली आणि बसली. मोडलं काही नाही. पण उठायला धरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. लेपोसावाने कुंपणावरून पाहिलं.

"तिथे काय करतेस?"

"बसलेय."

"थंडीत?"

"घरात न्हाणीघर असतं तर आत बसले असते," स्तानिया म्हणाली, आणि बोलल्यावर तिला स्वतःलाच ते पटलं.

तिने नेबोयशाला फोन केला. एवढंच सांगितलं, माप घ्यायची पट्टी घेऊन ये, आणि कामाचे कपडेही. तो ईस्टरला आला, तीन आठवड्यांची रजा काढून. टाइल्स, नळ, पाइप, गिझर तिने डब्यातल्या पैशांनी घेतले. पेत्रोवात्सच्या दुकानात त्याने पाकीट काढलं, तिने ते त्याच्या खिशात परत घातलं.

"आई, मला काहीतरी देऊ दे."

"काम दे. पैसे कुणीही देतं."

त्याने काम दिलं. भिंत खरवडली, ओळंबा लावला, जिथे पोट आलं होतं तिथे तासली. स्तानिया सिमेंटचा मसाला कालवायची. तो सांगे पातळ कर, ती म्हणे पातळ मसाला आकसतो. तो म्हणे हे नवीन सिमेंट आहे, ती म्हणे पाणी जुनंच आहे. पण ती त्याच्या हाताकडे बघत होती. टाइलच्या पाठीवर तो मसाला कोपऱ्यापर्यंत ओढायचा, मध्ये गोळा टाकून दाबायचा नाही. टाइल टेकवायची, जराशी सरकवायची, कडेने बाहेर आलेला मसाला लगेच पुसायचा. कोपरे शाबूत. हे त्याला तिने शिकवलं नव्हतं. कुठेतरी तो आपणच शिकला होता, आणि ते तिने आजवर पाहिलं नव्हतं.

सांधे भरून सुकले तेव्हा तिने अक्रोडाची हातोडी घेतली आणि दांड्याने एकेक टाइल वाजवली. नेबोयशा दारात उभा राहून सिगारेट ओढत होता. सगळ्या ठणठणीत बोलल्या. दारामागची एक बद्द बोलली, मागे मसाला नीट न बसल्यासारखी.

"तिथे दाराआड कोण बघणार आहे, आई?"

"मी."

त्याने सिगारेट विझवली, ती टाइल फोडून काढली आणि नवीन बसवली. दुसऱ्या दिवशी स्तानियाने ती पुन्हा वाजवली, आणि हातोडी खुंटीला टांगली.

गिझर लावला. स्तानिया आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नेबोयशाने दार ठोठावलं तेव्हा आतून आवाज आला की इथे कुणी मेलेलं नाही. बाहेर आली तेव्हा चेहरा लाल, केस ओले, बोटांवरचा अक्रोडाचा काळा डाग गरम पाण्याने पुसट झालेला. ती भिंतीलगतच्या बाकावर उन्हात बसली. नेबोयशाने दोन पेले भरले.

"दगडाचं तुझ्यावर सोपवते," ती म्हणाली.

"कसलं?"

"एकोणीसचं. त्याच्यावर पट्टी लागेल. ती तू बसव."

"आई, आत्ता कशाला हे?"

"आत्ता तू इथे आहेस म्हणून. दगडाला दगडाचीच पट्टी. मागे मसाला पूर्ण, कोपऱ्यापर्यंत. कडेला फट ठेवू नकोस, पाणी शिरलं की थंडीत उडते."

"उडायची नाही."

"मला माहीत आहे. मी वाजवून बघितलंय."

नेबोयशा पेला हातात फिरवत राहिला. समोर अक्रोडाला नवी पानं फुटत होती.

"आणि पैसे?" त्याने विचारलं. त्याला वाटलं असणार, तेही तिने कुठल्या तरी कपाटाच्या तळाशी बांधून ठेवलेत.

स्तानियाने राकियाचा घोट घेतला, ओले केस मागे सारले.

"ते तुझे," ती म्हणाली. "तेवढे दे तू."

त्याने मान डोलावली. मग दुसरीकडे बघितलं, आणि थोड्या वेळाने तिचा पेला पुन्हा भरला.

"पट्टी द्रागिशाकडून कापून घे," ती म्हणाली. "आणि त्याच्याशी घासाघीस करू नकोस. फुकट काही देतो म्हणाला तर मुळीच घेऊ नकोस."