सगळेच मॅनेजर

कपबश्यांच्या त्या गोदामात कामगार असा कुणी नव्हताच, सगळे मॅनेजर! कागदात कप गुंडाळणारे पॅकिंग मॅनेजर, खोक्यांना चिकटपट्टी लावणाऱ्या बाई सीलिंग मॅनेजर, झाडू मारणारे काका स्वच्छता मॅनेजर. कारण सोपं होतं. कामगाराला उशिरापर्यंत थांबवलं तर जादा वेळेचे पैसे द्यावे लागतात, मॅनेजरला नुसतं 'शाबास' म्हटलं की भागतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आपले पॅकिंग मॅनेजर, म्हणजे सगळ्यांचे 'साहेब', मात्र पदावर भारी खूश. सासुरवाडीत त्यांना पहिला चहा मिळायचा. घरी मात्र ते पोचेपर्यंत बायको वाट पाहून, रागावून झोपलेली असायची. "ते पद ठेवा कपाटात, अन् एकदा माझ्याबरोबर जेवा," ती सकाळी म्हणायची. त्यांना खरंच वाईट वाटायचं.

मग नियम बदलायची चर्चा सुरू झाली. ज्याचा हुकूम कुणावर चालत नाही, तो नावाने मॅनेजर असला तरी त्याला जादा वेळेचे पैसे मिळणार. डबा खाताना दोन तट पडले. बाई म्हणाल्या, "पैसे द्या, अन् घेऊन जा ते मॅनेजरपण!" काका म्हणाले, "मग जावयाला काय सांगू?" आपल्या साहेबांचं मात्र धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नियम लागू झाला आणि एका संध्याकाळी तपासणी अधिकारी आले. घरी जायची वेळ उलटली होती, दाराशी ट्रक उभा, अर्धे कप उघडेच. अधिकाऱ्यांनी साहेबांकडे बोट दाखवून विचारलं, "इथे यांचा हुकूम चालतो?"

साहेब बोलायला उठले. पण मालकच पुढे सरसावले. "म्हणजे काय! यांच्या शब्दाबाहेर मीसुद्धा जात नाही."

साहेबांनी मालकांकडे एकदा नीट पाहिलं आणि घसा खाकरला. "मग ऐका सगळे. काम बंद. घरी चला."

"अहो, पण ट्रक..."

"काही अडचण?" अधिकाऱ्यांनी पेन उघडलं.

"छे छे!" मालक घाम पुसत म्हणाले. "साहेबांनी सांगितलंय ना? निघा!" आणि बाह्या सरसावून स्वतःच कप गुंडाळायला बसले. बाई तर चप्पल अर्धी पायात घालूनच पळाल्या.

इतक्या लवकर दारात नवरा पाहून बायकोचा चेहरा उतरला. "नोकरी गेली?"

"नाही गं," साहेब म्हणाले. "आज लागली. वाढ पटकन."