मॉडीच्या गिटारवरचे दात

ऑर्लीना स्टिडमच्या तोंडी लागायची हिंमत केंटकीच्या त्या खोऱ्यात फारसं कुणी करत नसे. वय अडुसष्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि जिभेला धार अशी की पटाशीही लाजावी. हार्डवेअरच्या दुकानामागच्या खोलीत ती चाळीसेक वर्षं जुन्या गिटारी दुरुस्त करत होती. भेग सांधेल, निसटलेली पट्टी चिकटवेल, तारा बदलेल. पण "घासून पॉलिश मारून नवी कर" असं कुणी म्हणायचा अवकाश, बाई सरळ दाराकडे बोट दाखवायची.

त्याला कारण होतं. काम नुकतंच शिकली होती तेव्हा, बावीस वर्षांची असताना, तिने बापाच्या वाढदिवसाला त्याची गिटार गुपचूप घासून आरशासारखी केली. बाप खाणीतून आला, हातपाय धुऊन गिटार मांडीवर घेतली. त्याच्या कोपराने नेहमीची गुळगुळीत झिजलेली जागा शोधली, ती सापडेना. "कुणाची आणलीस गं ही?" एवढंच त्याने विचारलं. मग ती खुंटीला टांगली, ती क्वचितच खाली आली. ऑर्लीनाला ते आयुष्यभर सललं.

तर मे महिन्यातल्या एका शुक्रवारी ड्युई कॉम्ब्स आला. शाळेत तिच्या पुढच्या वर्गात होता. सतराव्या वर्षी ओहायोला कारखान्यात गेला तो आता म्हातारा होऊन, आई गेल्यावर परतला होता. काखेत आईची, मॉडीची गिटार.

"ऑर्लीने, रविवारी आमच्या दफनभूमीत फुलं वाहायची आहेत. माझी नात पणजीच्या थडग्यापाशी हीच वाजवणार. साऱ्या गावासमोर. चकाचक करून दे."

"तुला दार दिसतंय ना?"

"अगं, ऐकून तर घे! नात हातात घ्यायला लाजते. म्हणते, कुत्र्याने चावलीय."

ऑर्लीनाने चष्मा चढवला. गिटारच्या पोटावर बोटांनी खाऊन टाकलेला पांढरट डाग होता, पाठीवर एप्रनच्या पिनेचे ओरखडे. हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. मॉडीने टाकलेली खुळखुळ्या सापाची शेपटी होती ती. उंदीर येत नाहीत म्हणे. ऑर्लीना गालात हसली. "तुझी आई उभ्याने नाही, चुलीजवळच्या स्टुलावर बसून वाजवायची. स्वयंपाकाला हात लावता लावता. जी आणि सी, दोनच सूर, पण किती वाजवलेत बघ! पट्टीला खड्डे पडलेत."

मग तिचा अंगठा गिटारच्या खांद्याच्या कडेवर थांबला. तिथे लाकूड कुरतडल्यासारखं झालं होतं. वरच्या बाजूला बारीक खळगे, खालच्या बाजूलाही तसेच.

"हे कुत्र्याचं काम नाही, ड्युई. कुत्र्याचा सुळा खोल जातो. हे माणसाचे दात आहेत. आधी दुधाचे, मग मोठे. एकावर एक. वर्षानुवर्षं चावलंय कुणीतरी, आणि मॉडीने थांबवलं नाही. घरात लहान कोण होतं?"

"मी गेलो तेव्हा धाकटी बहीण नेवा रांगत होती. पण तिचा काय संबंध? तिला जन्मापासून ऐकू येत नाही."

ऑर्लीनाचा हात जागच्या जागी राहिला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अरे गाढवा," ती म्हणाली, "म्हणूनच! कानाने नाही, दातांतून हाडांत सूर घेतलाय तिने. कुठंय नेवा?"

"बाहेर गाडीत बसलीय. तिला खुणेने सांगितलं, तू आत येऊन काय करणार."

"आण तिला. आधी आण. नाहीतर ही गिटार तुला परत मिळत नाही."

नेवा आत आली. त्रेपन्न वर्षांची, अंगावर आईचाच जुना स्वेटर. टेबलावरची गिटार बघताच ती हसली, अगदी ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. ऑर्लीनाने फळीवरच्या नव्या तारा तिच्यासमोरच चढवल्या, पिळल्या, सूर लावला आणि स्टुलावर बसली. नेवाला कुणी काही सांगितलं नाही. ती वाकली, केस मागे सारले आणि जुन्या खळग्यांवर दात टेकवले.

ऑर्लीनाने जी छेडला. नेवाने डोळे मिटले. ड्युईच्या हातातली टोपी खाली पडली, ती त्याने उचललीही नाही.

पुन्हा जी. पुन्हा. चौथ्यांदा मात्र नेवाच्या कपाळाला आठी पडली. तिने दात काढले, सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवलं आणि अंगठा वर केला. अजून वर.

"माझ्या सुरात खोट?" ऑर्लीना गरजली. "चाळीस वर्षांत कुणाची टाप नव्हती!" तिने आधारसूर देणारा काटा टेबलावर आपटून कानाशी धरला, तार छेडली आणि तोंड आवळलं. नवी तार ताणली जाऊन सैलावली होती. बारीकशी, पण खरंच खाली होती. "आयुष्यात पहिल्यांदाच हरले बाई," म्हणत तिने खुंटी पिळली. नेवाने दात टेकवून पाहिलं आणि मान डोलावली.

ड्युईने वाकून टोपी उचलली. "बावन्न वर्षं मी समजत होतो," तो म्हणाला, "की आईच्या गाण्यातलं हिला काहीच मिळालं नाही."

"मग? पॉलिश मारू?"

"हात तर लावून बघ!"

रविवारी दफनभूमीत गवत कापलं होतं, थडग्यांवर कागदी फुलं होती, झाडाखाली शिजवलेल्या शेंगांची भांडी आणि मक्याचे पाव मांडले होते. नातीने गिटार हातात घेण्याआधी नेवाने दातांनी सूर तपासून दिला. ऑर्लीना मागच्या रांगेत उभी होती, कान टवकारून. एकही तार खाली नव्हती.

गाणं झाल्यावर ड्युई ती गिटार घेऊन माणसामाणसापाशी फिरला. ताटं हातात असलेल्या लोकांनाही त्याने सोडलं नाही. कडेवर बोट ठेवायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, "हे बघा, हे बघा. माझ्या बहिणीचे दात आहेत."