कंडक्टरमामांची डबल बेल

कुठलंही काम संपलं की बोटांच्या पेरांनी समोर दोनदा ठोकायची कंडक्टरमामांना सवय होती. टक् टक्. चहा संपला की कपाशेजारी, बोलणं आवरलं की समोरच्याच्या खांद्यावर. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी जग डबल बेलवरच हलायचं.

अंबडकडच्या एका सरकारी ऑफिसात मी ऑनलाइन तक्रारींचं काम बघायचो. मामा विहाराच्या ओट्यावर बसून वस्तीतल्या लोकांच्या तक्रारी स्वतःच्या मोबाईलवर भरायचे. पोर्टलवरून येणाऱ्या नंबराला ते तिकीट म्हणायचे. "तिकीट हाय ना आपल्याजवळ? आता जागा देणं त्यांचं काम." ऑफिसात कुणी चिडवलं, "मामा, आज किती फाडली?" तर उत्तर तयार असायचं. "तुम्ही गाडी टायमावर सोडा की. मंग फाडायची गरजच न्हाई."

मामांचा उल्लेख बशीरभाईंशिवाय पुरा होत नाही. अंबड-जालना गाडीवर बशीरभाई त्यांचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतरही बशीरभाई दर शनिवारी जुन्या जालन्याहून यायचे आणि दोघं स्टँडवर चहा प्यायचे. मामा म्हणायचे, "ह्याला समोरचं दिसायचं, मला मागचं. दोघं मिळून एक माणूस होतो आम्ही."

त्या उन्हाळ्यात पाण्याचे टँकर कुठं फिरतात ते नकाशावर कुणालाही बघता येऊ लागलं. मामा दिवसभर तेच बघत बसायचे. कागदावर टँकर वस्तीच्या विहिरीत रिकामा होत होता, आणि नकाशावर तो रोडवरच्या एका मंगल कार्यालयामागं उभा दिसत होता. मामांनी तक्रार टाकली. वस्तीचं पाणी टँकरच्या त्याच ठेकेदाराच्या हातात, म्हणून या वेळी त्यांनी 'नाव गुप्त ठेवा' या चौकटीत खूण केली. सांगितलं फक्त बशीरभाईंना.

त्या खुणेनं लोकांना नाव दिसत नाही. माझ्या स्क्रीनवर मात्र दिसतं. हे मला माहीत होतं, मामांना नव्हतं.

ठेकेदार माझ्यासमोर येऊन बसला. "भाऊसाहेब, कोण आहे एवढंच सांगा."

मी नाव उच्चारलं नाही. चहाला उठलो. स्क्रीन चालू ठेवली आणि जाताना ती थोडी त्याच्याकडे वळवली. मी काही घेतलं नाही. तो माणूस आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता शिरायचा, आणि मला भीती वाटली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीच्या तोंडाशी थांबला. हंडे घेऊन बाया धावल्या. टँकरवाला खिडकीतून ओरडला, "पाणी तुमच्या कंडक्टरला मागा! कंप्लेंट त्यानंच केली." आणि तसाच निघून गेला. बाया मामांच्या दारात जमल्या. त्यांची भावजय म्हणाली, "आता काय पिऊ, भाऊजी? तुमचा मोबाईल?"

दुपारी मामा माझ्याकडे आले. नेहमीसारखं लांबूनच "जयभीम, भाऊसाहेब" झालं नाही. टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "एक खरं सांगा. आतल्या बाजूनं नाव दिसतं का?"

शेजारच्या टेबलावरचं टायपिंग थांबलं, असं मला वाटलं. कदाचित थांबलं नसेलही.

"नाही दिसत, मामा. सिस्टीमच तशी आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशय नव्हता त्यात, विश्वास होता. तोच सोसवत नव्हता.

"मंग बशीरच," ते म्हणाले. "त्याच्याबिगर कुणालाच म्हाईत नव्हतं." ठोकायला उचललेला हात त्यांनी परत मांडीवर ठेवला.

त्यांनी पुन्हा तक्रार टाकली, या वेळी उघड्या नावानं. "आता झाकायचं काय राह्यलं?" म्हणत वस्तीतल्या बायांनाही आपापल्या मोबाईलवरून, नावासकट टाकायला लावली. एवढी नावं एकदम आल्यावर चौकशी टाळता आली नाही. टँकर विहिरीत रिकामा होऊ लागला. आमच्या ऑफिसात त्याचं कौतुक झालं. मीही मान डोलावली.

शनिवारी मात्र स्टँडवर बशीरभाई दोन चहा मागवून एकटेच बसायचे. मामा रस्त्याच्या पलीकडून निघून जायचे. मी रोज त्याच स्टँडवर उतरायचो. एक वाक्य होतं माझ्याजवळ. ते मी उन्हाळाभर सांभाळलं, पावसाळाभर सांभाळलं. हिवाळ्यात मामा गेले. अंत्ययात्रेत बशीरभाई सगळ्यांच्या मागून चालत होते.

आता चौकटीबद्दल कुणी विचारलं की मी सांगतो, आमच्या बाजूनं नाव दिसतं. पण ज्यानं विचारलं होतं त्याला सांगायचं राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात मी जुन्या जालन्यात बशीरभाईंच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"त्याला बोलले होते का हे?"

"नाही."

"मंग मला कायकू सांगून राह्यले?"

उत्तर टाळायला मीच विचारलं, तुम्ही स्वतःहून त्यांच्याकडे का गेला नाहीत?

बशीरभाई बाहेर गल्लीकडे बघत म्हणाले, "त्याची डबल बेल आल्याबिगर मी जिंदगीत कधी गाडी हालवली न्हाई, साहेब. बेल देणं त्याचं काम. मी बराबर शनिवारी येऊन थांबत होतो."