ओल आहे, उद्या बघू

देशाचा फुटबॉल संघ का हरतो, यावर ज्याला मत नाही असा माणूस त्या शहरात शोधून सापडला नसता. न्हाव्याच्या मते गोलकीपरच कुचकामी. टीव्हीवरचे जाणकार पोरांच्या मानसिकतेवर तासन्‌तास बोलायचे. संघटनेच्या साहेबांचं मत दर दीड-दोन वर्षांनी बदलायचं, आणि मत बदललं की प्रशिक्षकही बदलायचा. तेवीस वर्षांत चौदा झाले. परदेशी आणून पाहिले, घरचे पाहिले, एक तर चक्क हॉकीवाला होता. खेळाडू बदलले, जर्सीचा रंग बदलला, एकदा तर संघाच्या बसचा ड्रायव्हरही बदलला. हरण्यात मात्र खंड नाही.

या सगळ्यात न बदललेला माणूस एकच, मैदानकाका. स्टेडियमचं गवत राखायचं काम त्यांच्याकडे. त्यांना सगळेच काका म्हणत, वयाने मोठे असलेले अध्यक्षसुद्धा. आणि गवत तरी कसं राखलं होतं म्हणता. रोज सकाळी पाणी, आठवड्यातून तीनदा कापणी, आणि कापून झालं की गुडघे टेकून कात्रीने कडा सारख्या करायच्या. बाहेरचे संघ आले की आधी त्या गवताचे फोटो काढत आणि काकांची छाती फुगे.

हे गवत जपायची काकांची एक रीत होती. मैदानावर सराव करायचा तर त्यांचा होकार लागे. प्रशिक्षक विचारायला आला की काका खाली बसत, मातीत अंगठा दाबत, डॉक्टरसारखा चेहरा करत आणि मान हलवत. "ओल आहे, उद्या बघू." भर उन्हाळ्यातही ओल असायची. प्रशिक्षक बिचारा नवा, मुकाट्याने पोरांना घेऊन मागच्या मुरमाड पटांगणावर जायचा. काकांचा हा कावा त्याच्या लक्षात येईपर्यंत त्याचीच उचलबांगडी झालेली असायची.

चौदाव्यालाही हेच ऐकवून झालं होतं. मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी काका चष्मा घरी विसरले, म्हणून काकू तो घेऊन आल्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्टेडियम आतून पाहिलं नव्हतं. पायरीवर बसून त्या मैदानावरचा सराव बघू लागल्या.

"ही आपली पोरं का हो?"

"छे, हे पाहुणे. नियमच आहे, आदल्या दिवशी त्यांना तासभर द्यावं लागतं."

"मग आपली कुठायत?"

"मागे, पटांगणावर."

"आणि इथे कधी खेळतात?"

"उद्या. मॅचला."

काकूंना हसूच आवरेना. "अहो, म्हणजे पाहुण्यांना घर ओळखीचं आणि घरच्यांनाच परकं?"

"तुला यातलं काही कळत नाही," काका खेकसले.

"नाहीच कळत बाई," म्हणत काकूंनी चष्मा हातात ठेवला आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला आणि काका पहिल्यांदाच खेळाडूंच्या पायांकडे बघत बसले. मुरमावर टप्पा घेऊन उसळणारा चेंडू इथे सरपटत निघून जात होता. आपली पोरं प्रत्येक वेळी अर्धं पाऊल उशिरा पोचत होती. तिघे तर नुसते वळताना घसरून पडले. पाहुण्यांचा एकही पडला नाही. तीन-शून्य.

सोमवारी संघटनेची बैठक होती. प्रशिक्षकाला नारळ मिळणार हे शिपायालाही माहीत होतं. दोन दिवस काकांच्या डोक्यात तेच. कबूल केलं तर तेवीस वर्षांचे पराभव एकट्याच्या डोक्यावर येणार, लोक तोंडाला काळं फासतील. आणि गप्प बसलं तर आणखी एका निरपराध माणसाचा बळी जाणार. शेवटी चिखलाच्या बुटांनिशीच ते वर बैठकीत गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

सचिव आधी हसले. मग अध्यक्षांनी काकांना खुर्ची दिली, चहा मागवला. "काका, या देशात फुटबॉलचं म्हणून जगात नाव आहे ते एका तुमच्या गवताचं. त्याला दोष देऊ नका." काकांचं कौतुक लिहून घेण्यात आलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच मिनिटाला प्रशिक्षकाला काढायचं ठरलं. शनिवारचा सामना त्याचा शेवटचा.

शिव्या खायची तयारी करून गेलेले काका टाळ्या घेऊन जिन्यात बसले. त्यांना आपलीच लाज वाटत होती. मागून प्रशिक्षक उतरला.

"आत बोललात ते खरं?"

"अगदी खरं. मारायचं तर मारा."

प्रशिक्षक हसला. "मारून काय करू? शनिवारपर्यंत तरी मीच आहे. मैदान देता?"

"आत्ताच चला," काका म्हणाले.

फाटक उघडलं. पोरं पांढऱ्या रेषेपर्यंत आली आणि तिथेच थबकली. नऊ वर्षं देशासाठी खेळलेला कर्णधार, तोही काकांच्या तोंडाकडे बघत उभा. कुणी पाऊल टाकेना. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते स्वतःच दाणदाण पाय आपटत मधोमध गेले आणि दोन्ही हातांनी बोलावू लागले. "या रे. तुमचंच आहे ते."

पोरांनी तीन तास मैदान तुडवलं. गोलकीपरने उडी मारताना वीतभर गवत उपटलं आणि घाबरून वर बघितलं, तर काका म्हणाले, "थांबलास कशाला? खेळ."

घरी आल्यावर काकूंनी भीत भीतच विचारलं, "गवताचं काय झालं?"

"वाट लागली. ते राहू दे. तो डावीकडून खेळणारा सुकडा पोरगा आहे ना, त्याने आज काय गोल मारला, ये तुला दाखवतो." काकांनी टेबलावरचे दोन पेले लांब ठेवून गोलाचे खांब केले, लिंबू घेतलं आणि बोटाने असं काही वळवलं की ते पेल्यांमधून आरपार जाऊन जमिनीवर पडलं. मग पुन्हा एकदा दाखवलं. तेवीस वर्षं मैदानावर काढलेल्या त्या माणसाने नीट पाहिलेला हा पहिलाच गोल होता. आजवर चेंडू जाळ्यात गेला की सगळं स्टेडियम तिकडे बघायचं, आणि काका बघायचे ते जिथून तो मारला तिथलं गवत.