टेरी लिडीच्या कोपऱ्यातला माणूस

आयर्लंडमधल्या लिमरिकच्या ज्या गल्ल्यांतून डुकराच्या मांसाच्या कारखान्यांचा वास कधी हटायचा नाही, तिथला हा टेरी लिडी. खारवलेलं मांस वाहून त्याचे खांदे रुंद झाले, आणि त्या खांद्यांचं काय करायचं हे त्याला मॉस क्विलिगनने शिकवलं. मॉसची मुष्टियुद्धाची तालीम कोळशाच्या वखारीवरच्या माळ्यावर होती. टेरीने घरी सांगून ठेवलं होतं की मी चर्चमध्ये गायला जातो. एका संध्याकाळी तो भुवई फोडून घेऊन आला, तेव्हा आई चहा ओतता ओतता म्हणाली, "कुठलं स्तोत्र म्हणताना लागलं रे हे?"

हौशी खेळात तो भराभर वर गेला. डब्लिनला मिडलवेटचा राष्ट्रीय किताब, पुढच्या वर्षी पुन्हा तोच, मग युरोपच्या स्पर्धेत ब्राँझ. ते पदक आईने खिडकीतल्या मेरीमातेच्या गळ्यात घातलं. त्याची उजवी मूठ अख्ख्या गावाला माहीत होती. पण कारखान्याने माणसं कमी करायला सुरुवात केली, त्याची बायको नोरीन पोटुशी होती, आणि टेरी व्यावसायिक झाला.

"हौशी खेळात गुण मिळतात, बाबा," मॉस म्हणाला. "इथे माणूस पाडावा लागतो."

टेरीने माणसं पाडली. मग कार्डिफला त्याच्यासमोर एम्रिस प्रॉसर आला. वेल्समधल्या मर्थिर गावचा, खाणीत काम करणारा, अंगाने सडपातळ आणि हट्टी. सातव्या राउंडमध्ये एम्रिसचे गुडघे लटपटले. त्याची नजर टेरीवर नव्हती, टेरीच्या मागे कुठेतरी लागली होती. रेफरीला ते दिसलं नाही. टेरीला दिसलं, आणि शिकवल्याप्रमाणे त्याने उजवी मारली.

एम्रिस शुद्धीवर आलाच नाही. आठवड्याच्या आत तो गेला.

नियम मोडला नव्हता. कुणी टेरीकडे बोट दाखवलं नाही. कुणीतरी दाखवायला हवं होतं असं त्याला वाटत राहिलं.

पुढची लढत कॉर्कला होती. दुसरा राउंड संपवून टेरी स्टुलावर बसला आणि पाहतो तर बाजूच्या रिकाम्या कोपऱ्यात एम्रिस उभा. दोरांवर हात टाकून, तोंडात दातांवरचा रबरी पट्टा तसाच. रागावलेला दिसत नव्हता. आपली पाळी यायची वाट बघत असल्यासारखा उभा होता.

"त्या कोपऱ्यात कोण आहे?" टेरीने विचारलं.

"कुणी नाही. श्वास घे."

"एम्रिस आहे, मॉस."

मॉसचा हात स्पंजसकट थांबला. त्याने छातीवर क्रूस काढला आणि हळूच म्हणाला, "असू दे. तू त्याच्याकडे बघू नकोस. समोरच्याकडे बघ."

त्यानंतर प्रत्येक लढतीत एम्रिस यायचा. टेरी जिंकायचा, पण नुसत्या गुणांवर. उजवा हात समोरच्याच्या हनुवटीपाशी नेऊन तो मागे घ्यायचा. लिडीची उजवी मेली, असं लोक दारूच्या गुत्त्यांत बोलायला लागले.

लंडनला किताबाच्या अलीकडची लढत होती. ती जिंकला असता तर पुढे थेट विजेत्याशी गाठ. समोर हार्ग्रीव्ह नावाचा दणकट गडी. सहाव्या राउंडमध्ये हार्ग्रीव्हचे गुडघे अगदी तसेच लटपटले. आणि एम्रिस पहिल्यांदा कोपरा सोडून पुढे आला. हार्ग्रीव्हच्या खांद्यामागे, हाताच्या अंतरावर.

टेरीने हात खाली सोडले. "थांबवा," तो रेफरीला म्हणाला. "याला काही दिसत नाहीये."

"लढ!" रेफरी खेकसला.

टेरी वळला, आपल्या कोपऱ्यात गेला आणि खाली बसला. लोकांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे फेकले. निकाल हार्ग्रीव्हच्या बाजूने गेला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत सुजल्या तोंडाने हार्ग्रीव्हच त्याच्यावर धावून आला. "मला भीक घातलीस काय रे?"

टेरी पुन्हा रिंगमध्ये उतरला नाही. तेव्हा एम्रिस घरीदारी यायला लागला. कधी जिन्यावर, कधी चर्चच्या शेवटच्या बाकावर, कधी टेरी बटाटे सोलायचा तिथे मागच्या दारात. टेरीचं जेवण तुटलं. नोरीनने बरेच महिने सहन केलं. मग एके सकाळी तिने त्याचा कोट झटकून हातात दिला.

"त्याच्या आईकडे जा. काय असेल ते तिला सांग. नाहीतर या घरात त्याच्यासोबत तू एकटाच राहशील."

रॉसलेर बंदरातून बोट, मग गाडी, मग डोंगर चढणारी बस. मर्थिरच्या एका चिंचोळ्या घराचं दार ग्वेनलियन प्रॉसरने उघडलं. बुटकी बाई, हाताला पीठ. टेरीने नाव सांगितलं. ती बराच वेळ त्याच्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आत ये. दार लाव, गारठा येतोय."

तिने त्याला मटणाचं कालवण वाढलं. शेवटी त्याने सांगून टाकलं, की तो मला दिसतो, माफी मागायला आलोय, त्याला आता शांती मिळावी असं काहीतरी करा.

बाईने चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा एकदम कडक झाला.

"तुला दिसतो?"

"हो."

"मी त्याची खोली तशीच ठेवलीय. रोज त्याच्या पलंगावर बसते. मला एकदासुद्धा दिसला नाही." तिचा आवाज चिरकला. "आणि तुझ्याकडे येतो?"

"हो," टेरी पुन्हा म्हणाला.

"कसा दिसतो?" तिने विचारलं. "डावा पाय ओढतो का अजून? खाणीत दुखावला होता."

टेरी सांगत गेला. पाय ओढत नाही. केस ओले असतात. कपाळावर एक बट येते. बाई एकेक शब्द टिपून घेतल्यासारखी ऐकत होती. निघताना तिने त्याचं मनगट पकडलं. "त्याला घालवू नकोस. पुढच्या वर्षी येऊन सांग मला."

टेरी दरवर्षी जायला लागला. एम्रिसला आता तो टाळत नसे. उलट तो नीट बघून ठेवायचा, मर्थिरला सांगायला काहीतरी हवं म्हणून.

आणि मग एका वर्षी एम्रिस यायचा थांबला. जिना रिकामा, बाक रिकामा. टेरी मागचं दार उघडं टाकून बसायचा. ज्या शांततेसाठी तो तडफडला होता ती आली, आणि घर त्याला खायला उठलं.

ऑक्टोबरात तो मर्थिरला गेला. ग्वेनलियन अंथरुणाला खिळली होती, नजर अधू झाली होती.

"आला होता का?" तिने विचारलं.

टेरी पलंगाच्या कडेला बसला. त्याने तिचा हात आपल्या मोडक्या बोटांमध्ये घेतला.

"येतो की," तो म्हणाला. "अंगाने थोडा सुटलाय. कानांजवळ केस पांढरे झालेत."

बाई खुदकन हसली. "बापावर गेला," ती म्हणाली. "आणखी सांग."